ओटीतला चेंडू

दवनीवाडा,
हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे

प्रिय रुख्मे,

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर तुझी भावजय बाजूला कान लावून उभी असते, आणि आवाज भरून पाठवला तर तुझा भाचा तो ओसरीत मोठ्यानं लावतो. सगळ्या अर्जुनी मोरगावला ऐकू जाते. म्हणून ही चिठ्ठी. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही. अक्षर वाकडं आहे, कुठं पुस्तकासारखं लिहिलं जाईल, कुठं आपण बोलतो तसं. तुला समजलं म्हणजे झालं. एका दमात वाच, मध्येच उठून चुलीकडं जाऊ नकोस.

बिसरामजवळ तू निरोप दिलास तो पोचला. पोरगं एसटीतून उतरलं आणि कंडक्टरची थैली खांद्याला तशीच लटकवून थेट माझ्या अंगणात आलं. मी धान वाळत घालून राहिली होती. मान खाली घालून म्हणते कसा, "मावशी, रुख्माकाकी खुशीच्या लग्नाले येत नाही म्हणते. शुभकार्यात माझी सावली कायले, म्हणते." मी म्हटलं, "ऊन असलं की सावली पडतेच बाबू, सगळ्यांचीच पडते, तुझीही पडून राहिली माझ्या धानावर, हो बाजूला." तो बिचारा पाणीही न पिता गेला. त्याच्यावर कशाला चिडली मी? चिडायचं होतं तुझ्यावर. यावर माझं काय म्हणणं आहे ते शेवटी सांगते. आधी जपान ऐक. ते ऐकल्याशिवाय माझं म्हणणं तुला कळायचं नाही, आणि तू अर्धं ऐकून नाही म्हणशील. तुझी खोड मला माहीत आहे.

धानाची रोवणी आटोपली तेव्हा खुशी सुट्टीवर आली होती. तू तेव्हा इथं नव्हतीस, म्हणून सांगते. हिरोशिमा नावाच्या शहरात म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे, तिथं ती काम करते. त्यांना उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, औषध द्यायचं. कुडव्याचा हिमांशू त्याच शहरात यंत्राच्या कारखान्यात आहे. दोघांचं जमलं, इथं येऊन लग्न ठरल्याचं कुंकू लावून गेले, आणि जायच्या आधी पोरगी हट्टाला पेटली, आई, तू चल सोबत, मी कुठं राहते ते एकदा डोळ्यानं बघ. मी म्हटलं गाय कोण दोहील. म्हणे मोठी आई दोहील. मी म्हटलं तिथलं खाणं मला जमायचं नाही. म्हणे पिशवीत भरून घे. मग काय, लाखोरीची डाळ, तिखट, पापड भरले आणि निघाली. विमानाचं सांगत बसत नाही. एसटीसारखंच आहे, फक्त खिडकी उघडत नाही.

तिथं सगळं साफ. इतकं साफ की मला आपलीच चप्पल घाण वाटायची. कोणी कोणावर ओरडत नाही. गाडीवाला हॉर्न वाजवत नाही. खुशी सकाळी कामावर जायची आणि मी खोलीत बसायची, खोली म्हणजे आपल्या धानाच्या कोठीएवढी. भांडी घासून झाली की काम संपलं. काम नसलेली बाई मी कधी नव्हती, रुख्मे. मी म्हटलं मला घरी पाठव, नाहीतर कामावर ने. तर ती मला घेऊन गेली तिच्या म्हाताऱ्यांकडं, आणि तिथं मला सुमिको आजी भेटली.

वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी. चाकाच्या खुर्चीत बसून असते, पाय गेलेले. त्या शहरावर बाँब पडला तेव्हा ती लहान पोर होती म्हणे. त्यावर ती काही बोलत नाही. ती बोलते बेसबॉलवर. हा त्यांच्याकडचा खेळ, दांडू-चेंडूचा, आपल्या क्रिकेटचा चुलत भाऊ समज. त्या शहराच्या टोळीला नाव एका मासोळीचं आणि कपडे लालभडक. म्हातारीच्या खोलीत उशी लाल, कप लाल, घड्याळ लाल. वर्षातून एकदा तिला मैदानावर नेतात. यंदा नेण्याची पाळी खुशीची होती. हिमांशूनं आमची दोघांची तिकिटं काढली आणि आम्ही तिघं एका म्हातारीची वरात घेऊन निघालो.

निघताना खोलीत काय झालं ते ऐक. आजी तयार होऊन बसली होती. लाल शर्ट, लाल टोपी, आणि ओठांना लाली. मी खुशीला हळूच विचारलं, हिचा माणूस आहे का गं? ती म्हणाली, नाही आई, केव्हाचा वारला. मी म्हातारीकडं बघत राहिली. तेवढ्यात तिनं कपाटातून दुसरा लाल शर्ट काढायला लावला आणि माझ्यापुढं धरला. पाठीवर कोणाचं तरी नाव आणि मोठा आकडा. मी मागं सरली. तुला माहीत आहे, खुशीचे बाबा गेल्यापासून मी लाल अंगाला लावलं नाही. राखी, बदामी, फार तर आकाशी. खुशीला म्हटलं, सांग तिला, आमच्यात चालत नाही. खुशी म्हणते, "आई, आपली जागा लालवाल्यांत हाय. तिथं बिनलालची तूच एकटी दिसशील, आणि आजी रस्ताभर रुसून बसंल. तूच सांग तिले." सांगू कोणत्या भाषेत? घातला. पण पदर त्यावरून घेतला. पदराशिवाय मला उघडं वाटते.

मैदान म्हणजे काय सांगू. आपल्या तलावात पाणी नसावं आणि चारही पाळींवर माणसंच माणसं बसावीत, तसं. एका अंगानं रेल्वे जाते, गाडीतले लोकही माना वळवून बघतात. पायऱ्यांवरून पोरी पळत होत्या, पाठीवर टाकी आणि हातात नळी. मला वाटलं औषध फवारून राहिल्या. तर ती बियर. हसत हसत ओततात आणि पुन्हा पळतात. त्या पोरींचे पाय बघून मला रोवणीचे दिवस आठवले, बाकी काही नाही.

खेळ हिमांशू समजावून सांगत होता. होणाऱ्या सासूला समजावायचं म्हणून पोराला घाम फुटलेला. चार कोपरे, काकू. चेंडू मारायचा आणि पळायचं, एक एक कोपरा गाठायचा, आणि फिरून निघाला त्या जागी परत आला की एक गुण. त्या जागेला ते घर म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे एवढी पळापळ करून घरीच यायचं ना? मग निघायचं कायले? तो म्हणाला, काकू, तोच तर खेळ आहे. मग अर्धा वेळ कोणी काही मारेनाच. एक जण फेकतो, दुसरा बघतो, मग टोपी नीट करतो, दांडू नीट करतो, पुन्हा बघतो. मी ओरडली, "अरे मारत काऊन नाही? वर्ष घालवतो का?" आजीला शब्द कळला नाही पण बोलणं कळलं. तिनंही तेच काहीतरी जपानीत ओरडलं. तिथून आमची गट्टी.

गट्टी एकदा मोडलीही. झालं असं, समोरच्या निळ्या टोळीच्या एका पोरानं चेंडू असा भिरकावला की दिव्यांच्याही वरून गेला आणि पार पलीकडच्या लोकांत पडला. मी उठून टाळ्या पिटल्या, "वा रे पोरा!" म्हणून बोंबललीही. आजूबाजूला चिडीचूप. एवढ्या लाल माणसांत एकच बाई नाचून राहिली. हिमांशू खाली बघत म्हणतो, "काकू, तो आपला नाही." मी म्हटलं, आपला नसला तर काय झालं, मारला तर चांगलाच ना? आपण पोरी असताना शंकरपट बघायला जायचो, आठवते? बैलजोडी कोणत्याही गावची असो, सुसाट पळाली की सगळे टोप्या उडवायचे. बैल कोणाचे ते नंतर विचारायचे. तिथं तसं नाही. ज्याची टोळी मारते त्यांनीच ओरडायचं, दुसऱ्यांनी गप बसून खायचं. सुमिको आजी माझ्याकडं अशी बघत होती जशी मी तिच्या बांधीत म्हैस सोडली. मी पदरातून पापडाचा तुकडा काढून दिला तेव्हा कुठं मान वळली.

पण लालवाल्यांची पाळी आली की बघ. ढोल, तुताऱ्या, आणि दर खेळाडूचं वेगळं गाणं. त्याचं नाव गाण्यात घातलेलं. चांगला असो की रिकामा परत जाणारा असो, प्रत्येकाला गाणं आहे. आणि म्हणायचं कसं, तर एक रांग उभी राहते तेव्हा दुसरी बसते, मग ती बसते आणि ही उठते, सगळं तालावर. हजारो माणसं. मी दोनदा केलं आणि गुडघे बोलायला लागले. पण डोळ्यांपुढं आलं ते आपलं शेत. तू एका टोकाला, मी तुझ्या बाजूला, चिखलात वाकायचं आणि कंबर सरळ करायला उठायचं, आणि तू गाणं जोडायचीस, त्यात एकेका बाईचं नाव घालून तिच्या नवऱ्याची टिंगल करायचीस. माझं नाव घातलंस की मी चिखल फेकून मारायची. तुझे मालक चैतरामभाऊ बांधावर रोपांचे परे घेऊन उभे, हसू दाबत. यंदा ते नाहीत आणि तूही भावाकडं निघून गेलीस. यंदाची रोवणी मुकी झाली रुख्मे. बायांनी मोबाइलवर गाणी लावली. मला ते सहन होत नव्हतं, मी एकीचा मोबाइल चिखलात टाकला. मग धुऊनही दिला.

आता ते सांगते ज्यासाठी एवढी पानं भरली.

लालवाल्यांचा एक ठेंगणा पोरगा मारायला आला. त्याचा चेंडू दर वेळी तिरपा जायचा, मागं, बाजूला, कुठंही, पण बाद होईना. असा तिरपा चेंडू लोकांत यायला लागला की शिट्टी वाजते, सांभाळा म्हणून. शिट्टी वाजली. मी वर बघितलं. चेंडू दिव्यांच्या उजेडात उंच जाऊन थांबल्यासारखा झाला आणि मग आमच्याकडंच यायला लागला. आजी खुर्चीत पट्ट्यानं बांधलेली. हिमांशू उठला, पण त्याच्या दोन्ही हातांत शेवयांचा वाडगा. खुशी आजीवर ओणवी झाली. आणि मी? मी पदर सोडला, दोन्ही हातांनी पुढं ताणला आणि पाय रोवून उभी राहिली. विचार केला नाही. तुझ्या आईचं जुनं लुगडं दोघी दोन टोकांना धरून आंब्याखाली उभ्या राहायचो, वर पोरं फांदी हलवायची, आणि आपण एक आंबा फुटू द्यायचो नाही. तशीच उभी राहिली. फक्त दुसरं टोक धरायला तू नव्हतीस, म्हणून दोन्ही टोकं मीच धरली.

चेंडू पदरात आला. असा आला की पदर खेचून कमरेच्या हाडावर आदळला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण खाली पडू दिला नाही. सगळ्या पाळीवर टाळ्या. खुशी ओरडली, आई, वर बघ, वर! समोर घराएवढा पडदा आहे, त्यावर एक बाई दिसत होती. अंगात लाल शर्ट, केस विस्कटलेले, पदर दोन्ही हातांत धरलेला, आणि पदरात काहीतरी जड. हसत होती. मी म्हटलं ही कोण? मग ती बाई माझ्यासारखीच तोंड उघडं ठेवून बघायला लागली.

तेवढ्यात तिथली एक कामावरची पोरगी धावत आली, टोपीवाली, आणि वाकून वाकून काहीतरी विचारायला लागली, हात पदराकडं करून. मला वाटलं चेंडू परत मागून राहिली. मी पदराला गाठ मारली, कमरेला खोचली, आणि म्हटलं, "नाही देत. पदरात पडलेलं परत देत नसतात. तुझ्या साहेबाले सांग." ती आणखी वाकली. मी आणखी घट्ट धरलं. हिमांशूला हसावं की मध्ये पडावं कळेना. शेवटी खुशी हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "आई, तुले लागलं का, बर्फ आणू का, एवढंच विचारते ती. चेंडू तुझाच हाय." मग मी त्या पोरीच्या गालाला हात लावला. काय करणार, शिव्या देऊन झाल्या होत्या.

आता ऐक. सुमिको आजीनं चेंडू बघायला मागितला. गाठ सोडून दिला. तिनं तो फिरवून बघितला, वास घेतला, गालाला लावला. पांढरा चेंडू आहे, त्यावर लाल दोऱ्याची शिवण, कुंकवाची बोटं ओढल्यासारखी. मला वाटलं आता हिलाच राहू द्यावा, एवढी म्हातारी आहे. पण तिनं तो दोन्ही हातांत धरला, खुर्चीत वाकता येईल तेवढी वाकली, आणि माझ्यापुढं केला. आणि मी, सवय बघ, हात पुढं केले नाहीत, पदर पुढं केला. तिनं चेंडू माझ्या पदरात ठेवला. हळू. दोन्ही हातांनी.

मला माहीत आहे, तिथं सगळेच सगळं दोन्ही हातांनी देतात. दुकानदार पावतीही तशीच देतो. म्हातारीला ओटी म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही. पण मला माहीत आहे ना.

खुशीच्या बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत माझ्या पदरात कोणी काही घातलं नाही. हळदीकुंकवाचं ताट येते आणि माझ्यापुढून निघून जाते, जसा मी खांब आहे. नंतर नंतर तर मी आधीच पदर मागं खोचून बसायची, म्हणजे ताटवालीला ओशाळं वाटू नये. त्यांचीच काळजी मला! तू एकटी दर संक्रांतीला मागच्या दारानं यायचीस, मुठीत तीळ घेऊन. म्हणायचीस, ओटी भरता येत नाही वो धुरपता, सासू बघून राहिली, तीळ तरी घे. उभ्या उभ्या खायचो दोघी, मोरीजवळ. ते तीळ मी विसरली नाही. आणि आता चैतरामभाऊ गेले तर तू स्वतःच मागच्या दाराशी जाऊन बसलीस. कोणी सांगितलंही नव्हतं. आपणहून. माझी सावली कायले, म्हणे!

त्या दिवशी लालवाले एका गुणानं हरले. आजीनं टोपी काढून जमिनीवर मारली, मग उचलून झटकून पुन्हा घातली. लोकांनी आपापला कचरा पिशवीत भरला आणि गेले, कोणी शिवी नाही की धक्का नाही. आजीला झोपवून आम्ही रेल्वेनं परत येत होतो. हिमांशू आधी उतरला. डब्यात सगळे गप. खुशी एकदम म्हणाली, आई, माझी ओटी तू भरशील ना? मी म्हटलं, गप, लोक ऐकतात. म्हणे, इथं कोणाला मराठी येते? मी म्हटलं, रीत आहे, सवाशिणी भरतील. म्हणे, "मले नर्सिंगले पोचवाले सवाशिणी नव्हत्या आल्या. बाबा गेल्यावर तू भिंतीकडं तोंड करून निजली होतीस. रुख्मामावशी आली होती. माझी पेटी डोक्यावर घेऊन गोंदियाच्या स्टेशनापासून हॉस्टेलपर्यंत तीच चालली. तू भर आणि मावशी भरंल. नाहीतर कोणीच नको." मी खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर अंधारात आपलंच तोंड दिसते, दुसरं काही नाही. दिल्लीपर्यंत एकटी विमानात बसून आली, तेव्हा उत्तर सापडलं.

गेल्या आठवड्यात भासरे उदारामजींनी घरात बैठक घेतली, कोणत्या सवाशिणी बोलवायच्या म्हणून. तुला माहीत आहे, ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून खांबाशी बोलायचं. खांबाला म्हणाले, "तिले सांगा, पयली ओटी पाटलीणबाई भरतीन." मी उंबऱ्याशी बसली होती. उठली, आत गेली, चेंडू आणला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. म्हटलं, पहिली ओटी रुख्मा भरेल. दुसरी मी. मग बाकीच्या किती भरायच्या त्या भरा. मोठी जाऊ म्हणाली, "माय वो!" आणि तोंडावर पदर. भासरे तेव्हा सरळ माझ्याकडं वळले. लग्न होऊन आली तेव्हापासून पहिल्यांदा. "धुरपता, तुले जपानची हवा लागली." मी म्हटलं, "हवा नाही लागली दादाजी, चेंडू लागला. अजून काळानिळा आहे." जाऊ फस्सकन हसली, तिला आवरलंच नाही. ते म्हणाले, "आन अपशकुन झाला तर?" मी म्हटलं, माझ्या लग्नात ओटी पाच सवाशिणींनी भरली होती. रुख्माच्याही पाचच होत्या, एक कमी नव्हती. काय राखलं त्यांनी? त्यांचा दोष नाही म्हणत मी. पण मग आमचा कसा?

भासरे तंबाखू चोळत बाहेर गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाला म्हणाले, "तिले सांगा, रुख्मा खरंच येईन तर पाहू." पाटलीणबाईंनी मी येत नाही म्हणून कळवलं. न येवो. पण तू ऐक, सगळं आता तुझ्यावर येऊन अडलं आहे. तू आली नाहीस तर सगळे म्हणतील, बघा, जिच्यासाठी भांडली ती स्वतःच मागं सरली. मग माझा शब्द पडला, आणि तो पोरीपुढं पडला. पुन्हा उचलता यायचा नाही.

आता ही चिठ्ठी कायले लिहिली ते. बिसरामनं चिठ्ठीसोबत एक कापडी पिशवी दिली असेल, जड लागली असेल. त्यात तो चेंडू आहे. खुशीच्या ओटीचं सगळं मी काढून ठेवलं, आपल्याच बांधीतले नवे तांदूळ, खण, हळद-कुंकू, सुपारी. नारळ आणला नाही. आणणारही नाही. जाऊ म्हणाली नारळाशिवाय ओटी कशी? मी म्हटलं नारळही गोल आणि हाही गोल, आणि हा तर दोन विधवांच्या हातून आला आहे, तिसरीच्या हातून खुशीच्या पदरात पडायचा आहे. तुळशीचं लग्न झालं की पाचव्या दिवशी पाठवणी. तांदूळ माझ्याकडं आहेत, चेंडू तुझ्याकडं. तू आली नाहीस तर पोरीची ओटी रिकामी जाईल, आणि ती तुझ्यामुळं रिकामी गेली हे मी तुला मरेपर्यंत ऐकवीन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. चेंडू बिसरामसोबत परत पाठवलास तर त्याच गाडीनं पुन्हा पाठवीन. स्वतः घेऊन ये. लाल नेसून ये, नसेल तर माझ्याकडचा शर्ट आहे. आणि मोरीकडून येऊ नकोस. पुढच्या दारानं ये.

त्याच दारात उभी असलेली,
तुझीच
धुरपता